सोडामास्तरांचं पंचविसावं नाम

कारखान्यात त्यांना सगळे सोडामास्तर म्हणत. मास्तर ते कधीच नव्हते. शाळा त्यांनी आठवीतच सोडली होती. पण एकतीस वर्षं एकाच टाकीत धुण्याचा सोडा मोजून कालवायचा, आणि कालवता कालवता शेजारी जो कोणी उभा असेल त्याला, त्याची इच्छा असो वा नसो, सगळं समजावून सांगायचं, या सवयीपायी ते नाव त्यांना चिकटलं. पुढे पगाराच्या पाकिटावरचं खरं नाव वाचताना कारकूनसुद्धा क्षणभर थांबायचा.

कारखान्यात दगड भाजून त्याचं पीठ करत. त्यासाठी एक भलामोठा लोखंडी ढोल होता, आत शेकडो लोखंडी गोळे. तो ढोल फिरवणारी मोटर एका खोलीएवढी होती. साध्या पंख्यासारखं बटण दाबलं आणि ती फिरली, असं होत नसे. एकदम सगळी वीज दिली तर मोटर हिसका खाते, ढोलाच्या चाकाचे दाते तुटतात, गावभर दिवे मंद होतात. म्हणून मधे मास्तरांची टाकी.

"ही मोटर म्हणजे आमचे सासरे," मास्तर समजावत. "बसले की बसले. हाताला धरून एकदम ओढलं तर त्यांची कंबर धरेल, नाहीतर ओढणारा तोंडावर आपटेल. आधी खांद्याला आधार द्यायचा, मग काठी हातात द्यायची, मग हळूच उभं करायचं. एकदा चालायला लागले, की मग ते कुणाचं ऐकत नाहीत."

टाकी पुरुषभर उंच होती, सोड्याच्या पाण्यानं भरलेली. वरून तीन जाड पट्ट्या सावकाश त्या पाण्यात उतरत. मोटरच्या फिरत्या भागातली वीज या पाण्यातून वाट काढायची. पट्ट्या वर असल्या की वाट लांब आणि अवघड. त्या खाली येतील तशी वाट सोपी, आणि तेवढी मोटर वेग धरायची. पट्ट्या तळाशी पोचल्या की एक मोठा खटका आपोआप बसे, वीज थेट वाहू लागे आणि पाण्याचं काम संपे. सोडा कमी पडला तर पाणी विजेला फार अडवतं, जास्त झाला तर अडवतच नाही. त्या दोन्हींच्या मधलं जे काही होतं, ते मास्तरांचं आयुष्य होतं.

त्यांचा एक नियम होता. मोटर चालू करताना पाणी तापतं, वाफ होते, पातळी उतरते. तेव्हा टाकीत नुसतं स्वच्छ पाणी घालायचं, सोडा नाही. पाणी उडतं, सोडा जागेवर राहतो. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी हे बायकोला मोठ्या अभिमानानं समजावून सांगितलं होतं. ती कांदा चिरत होती. हात न थांबवता म्हणाली, "यात काय एवढं? चुलीवरच्या भांड्यात पाणी आटलं तर पाणी घालतात. मीठ परत घालतं का कोणी?" मास्तर दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी तेच वाक्य कारखान्यात सांगितलं, अर्थात स्वतःचं म्हणून.

आणखी एक खोड होती, ती आईकडून आलेली. त्यांची आई अंडं उकडताना घड्याळ बघत नसे. देवाचं नाव घ्यायची, शांतपणे, एकेक करून, आणि दोनशे नावं झाली की अंडं काढायची. ते कधी कच्चं निघालं नाही. मास्तरही मोटर चालू करताना काट्यासमोर उभे राहून नाम घेत. तीस नामांत पट्ट्या तळाशी पोचत, आणि पंचविसाव्या नामाला विजेचा काटा खाली येऊन स्थिर झालेला असे. म्हणजे मोटरनं पूर्ण वेग धरला. उरलेली पाच नामं देवाला वर. इतर लोक हसायचे. घड्याळ लावून तपासलंही होतं कोणीतरी, अर्ध्या सेकंदाचा फरक निघाला आणि मास्तर म्हणाले, "घड्याळ दुरुस्तीला टाका."

मास्तरांच्या घरासमोर, रस्ता ओलांडला की, त्यांच्या साडूंचं घर. दोघी बहिणी समोरासमोर नांदत होत्या. एकीच्या घरची साखर संपली तर दुसरीच्या खिडकीत आधी कळायचं. साडूही त्याच कारखान्यात फिटर. मोटरच्या फिरत्या कड्यांवर कोळशाचे ब्रश टेकलेले असतात, त्यांतून वीज आत-बाहेर होते; ते ब्रश घासणं, बदलणं, कडी चकचकीत ठेवणं हे साडूंचं काम. त्यांची बोटं कायम काळी. त्यांना सगळे कार्बनशेठ म्हणत.

"एक पांढरा, एक काळा," धाकटी बहीण म्हणायची. "बाबांनी जावई निवडताना साबणवाल्याशी काही ठरवलं होतं का?"

दोघा साडूंमध्ये प्रेम होतं, पण ते चेष्टेच्या वेष्टनात गुंडाळलेलं. मोटरनं जरा कुरकुर केली की एक म्हणायचा टाकी बघा, दुसरा म्हणायचा ब्रश बघा. वीस वर्षांत ही भांडणं कधी उंबऱ्याच्या आत आली नव्हती.

निवृत्तीला चौदा महिने उरले असताना मास्तरांचा उजवा हात थरथरायला लागला.

फार नाही. चहाची बशी जरा वाजायची. घरी बायकोनं ते पहिल्याच दिवशी पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून बशीऐवजी पेला दिला. बोलली काही नाही. कारखान्यात मात्र मास्तर हात खिशात ठेवू लागले. टाकीतल्या पाण्याची ताकद मोजायला त्यांच्याकडे काचेची एक तरंगती नळी होती. पाण्यात सोडली की किती बुडते त्यावरून सोडा किती ते कळे. दर सोमवारी ती सोडायची आणि आकडा रजिस्टरमध्ये लिहायचा. एका सोमवारी ती नळी त्यांच्या हातातून सुटली. टाकीच्या कडेवर आपटली, टचकन आवाज झाला, संपलं.

नवी मागायची तर फुटली कशी ते लिहून द्यावं लागलं असतं. हात थरथरला, असं लिहायचं? एकतीस वर्षांनी? मास्तरांनी काचा वर्तमानपत्रात गुंडाळून टाकल्या. एकतीस वर्षांत आकडा कधी हललेला त्यांना आठवत नव्हता. त्यांनी रजिस्टर उघडलं आणि आकड्याच्या रकान्यात लिहिलं, "वरीलप्रमाणे".

पुढच्या सोमवारीही तेच. नंतरच्याही. पातळी आणि किती बादल्या पाणी घातलं हे मात्र ते इमानदारीनं लिहीत राहिले. पहिल्यांदा लिहिताना मन खात होतं; चौथ्या वेळी खाईनासं झालं. असल्या गोष्टींचं असंच असतं. देव पाहतो हे ज्याला ठाऊक आहे त्यालाही, रोज पाहतो हे रोज आठवत नाही.

चार महिने असे गेले. मधल्या काळात टाकीला पाणी जास्त लागायला लागलं. एरवी पंधरवड्याला एक बादली पुरायची, आता आठवड्याला दोन. उन्हाळा फार आहे, मास्तर स्वतःशी म्हणाले. काटाही उशिरा उतरायला लागला. सव्विसाव्या नामाला, मग अठ्ठाविसाव्या. यावरही त्यांच्याकडे उत्तर होतं. आपण नाम भरभर घेत असू. वय झालं की माणसाला देवाकडे जायची घाई होते.

मग तो गुरुवार आला. दुरुस्तीसाठी थांबवलेला ढोल पुन्हा चालू करायचा होता. मास्तर काट्यासमोर उभे राहिले. पंचवीस झालं, काटा वरच. अठ्ठावीस, एकोणतीस. ढोल अजून अर्धवट झोपेत असल्यासारखा रेंगाळत होता. तिसाव्या नामाला पट्ट्या तळाशी पोचल्या, खटका बसला आणि सगळ्या इमारतीला धाडकन हिसका बसला. काटा उडून पलीकडच्या टोकाला गेला आणि मोटर बंद पडली. छतावरची धूळ सगळ्यांच्या डोक्यावर उतरली.

विजेच्या विभागाच्या प्रमुख मॅडम होत्या. पन्नाशीच्या आतल्या, कमी बोलणाऱ्या. त्या पाच मिनिटांत आल्या.

"टाकी?" त्यांनी विचारलं.

"टाकी ठीक आहे," मास्तर म्हणाले. तोंडातून ते आपसूक गेलं, जसं कोणी तब्येत विचारली की बरी आहे म्हणतात.

मॅडमनी रजिस्टर उघडलं. वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे. त्यांनी ते मिटलं. "मग राहिले ब्रश. ब्रश नीट टेकले नसले तरी हेच होतं."

हे खरं होतं. वाटेत अडथळा टाकीत असो की ब्रशपाशी, मोटरला दोन्ही सारखेच. आणि ब्रश बदलून पुरते पंधरा दिवस झाले नव्हते. ते बदलले होते कार्बनशेठनी.

शुक्रवारी मोटर उघडली. कार्बनशेठ तासन् तास पालथे पडून एकेक ब्रश काढत होते, बघत होते, परत बसवत होते. शनिवारी सकाळी पुन्हा चालू करून पाहिलं. पुन्हा तोच हिसका, आणि या वेळी ढोलाच्या दात्यांमधला एक बोल्ट तुटला. कारखान्याचे मोठे साहेब स्वतः खाली आले. ते गेल्यावर मॅडम कार्बनशेठना म्हणाल्या, "वर उत्तर द्यायचंय मला. दगडखाणीवर एक फिटर हवाच आहे. सोमवारी दहा वाजता बदलीच्या कागदावर सही होईल. तुमच्याकडे तोपर्यंत काही सांगण्यासारखं असेल तर सांगा."

"कडी आरशासारखी आहेत, मॅडम," कार्बनशेठ म्हणाले. "तोंड बघून भांग पाडावा अशी. यापलीकडे माझ्याकडे काही नाही."

त्यांनी मास्तरांकडे पाहिलंसुद्धा नाही. तेच मास्तरांना लागलं. एरवी ते म्हणाले असते, साडूभाऊ, तुमच्या सोड्याला बुरशी आली असेल.

दगडखाण चार तासांच्या वाटेवर होती. तिथे कंपनीच्या बारा खोल्या आणि एक दुकान. धाकटी बहीण शनिवारी संध्याकाळी मोठीच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. रडली नाही. ओट्यावरचा डबा उघडायची, झाकायची.

"ताई, तिथे खिडकीसमोर काय असेल गं?"

"डोंगर असेल," मोठी म्हणाली.

"डोंगराला साखर मागता येते का?"

मास्तर आतल्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसले होते. पत्र हातात हलत होतं, म्हणून त्यांनी ते खाली ठेवलं. टाकी ठीक आहे. हे तीन शब्द त्यांनी उच्चारले होते, आणि तेवढ्यावर एक घर उठत होतं. पण टाकी ठीक असेलच ना? सोडा उडत नाही. उडून जाणार कुठे? ब्रशच असतील. साडूचं वयही झालंय. असं ते स्वतःला समजावत होते आणि समजूत पटत नव्हती.

रविवारी सकाळी बायकोनं दारात बसून त्यांचे कामाचे बूट घेतले. दर रविवारी ती बूट झटकायची, तळ काडीनं खरवडायची. दगडाची राखाडी धूळ निघायची, ती अंगणाच्या कडेला जायची. त्या दिवशी ती खरवडता खरवडता थांबली.

"अहो, जरा इकडे या."

"काय झालं?"

"या तर."

तिनं बोटावर काहीतरी घेतलं होतं. पांढरं, खपलीसारखं. तिनं बोट पाण्याच्या तांब्यात बुडवलं आणि अंगठ्यावर चोळलं.

"बुळबुळीत लागतंय," ती म्हणाली. "हा धुण्याचा सोडा आहे. तीस वर्षं तुमच्या पँटी याच सोड्यात भिजवतेय मी, मला फसवू नका. तीन-चार रविवार बघतेय. आधी वाटलं गोणीतला सांडला असेल."

"गोणी कपाटात आहे. वर्षातून एकदा उघडतो."

"मग हा कुठून आला?"

"टाकीपाशी असेल थोडासा," मास्तर म्हणाले. "वाफेबरोबर..."

बायकोनं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. "वाफेबरोबर सोडा जात नाही. तुम्हीच सांगितलंत."

"तू सांगितलंस," मास्तरांच्या तोंडून गेलं. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी हे कबूल केलं होतं, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं नाही, कारण मास्तर तिथेच पायरीवर खाली बसले होते.

पाणी उडून जात नव्हतं. गळत होतं. टाकीच्या मागच्या बाजूनं, जिथे ते चालत जात पण वाकत नसत, तिथून सोड्याचं पाणी झिरपत होतं, आणि ते त्यावर आठवड्याला दोन बादल्या साधं पाणी ओतत होते. भांड्याला भोक पडलं होतं, रस्सा गळून चालला होता, आणि हे वरून पाणी घालून म्हणत होते मीठ आहे तेवढंच आहे. काचेची नळी असती तर पहिल्याच सोमवारी कळलं असतं. चार महिने पाणी पातळ होत गेलं आणि चार महिने त्यांनी लिहिलं, वरीलप्रमाणे.

त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. नळीचं, रजिस्टरचं, हाताचं. बूट तिनं शेजारी शेजारी नीट ठेवले.

"हाताचं मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. पेला दिला ना?" मग थोड्या वेळानं, "समोर जाऊन सांगणार आहात?"

"आधी टाकी बघतो. खात्री झाल्याशिवाय..."

"खात्री तुमची झालीय," ती म्हणाली आणि उठून आत गेली. आतून तिचं रोजचं नामस्मरण ऐकू येऊ लागलं, नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं.

सोमवारी उजाडता उजाडता मास्तर कारखान्यात पोचले. टाकीच्या खोलीत अजून कोणी नव्हतं. त्यांनी मुख्य वीज बंद असल्याची खात्री केली, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. टाकीच्या मागे केबलच्या चरावर लोखंडी पत्रा होता. गुडघे टेकून त्यांनी तो उचलला. चराच्या तळाशी पांढरा थर जमला होता, मिठागरासारखा. टाकी रिकामी करायच्या तोटीच्या मानेपाशी एक थेंब लोंबत होता. तो पडला. मास्तरांनी वाट पाहिली. एक नाम पुरं होईतो दुसरा पडला.

पाना घेऊन त्यांनी तोटीची मान अर्धा आटा आवळली. थेंब थांबला. एवढंच होतं ते.

ते उठले. कपाट उघडलं. सोड्याची गोणी, बादली, ढवळायची लाकडी फळी, सगळं जागच्या जागी. साडेसहा वाजले होते. आठपर्यंत कोणी येणार नव्हतं. सोडा कोमट पाण्यात विरघळवून टाकीत ओतला, नीट ढवळला, की काम फत्ते. किती घालायचा ते त्यांना डोळे मिटून आलं असतं. मग दहा वाजता म्हणायचं, एकदा चालू करून बघूया. मोटर चालली असती, मऊ, लोण्यासारखी. कागदावर सही झाली नसती. कदाचित. शनिवारच्या हिसक्यानंतर साडूंनी सगळे ब्रश पुन्हा काढून बसवलेच होते, तुटलेला बोल्टही बदलून झाला होता. सगळे म्हणाले असते, बघा, ब्रशच होते. साडू वाचले असते, पण दोषी ठरून. आणि मास्तर साफ.

त्यांनी गोणीचं तोंड सोडलं. पहिलं माप भरून घेतलं. हात थरथरत होता, सोडा मापाच्या कडेवरून सांडत होता, पांढरा, बुटावर. ते बुटाकडे बघत राहिले. हे पुढच्या रविवारी तिच्या बोटाला लागेल, त्यांच्या मनात आलं. ती विचारेल, हा कुठला? आणि आपण काय म्हणू?

माप त्यांनी परत गोणीत ओतलं. गोणीचं तोंड बांधलं, दोन गाठी मारून. मग स्टूल ओढून चराशेजारी बसले, पत्रा उघडाच ठेवून.

मॅडम आठला आल्या. मास्तरांना चराशेजारी बसलेलं पाहून दारातच थांबल्या.

"मॅडम, हे बघा," मास्तर म्हणाले. "आणि रजिस्टरमधलं वरीलप्रमाणे खरं नाही. चार महिन्यांपासून नाही. नळी माझ्या हातून फुटली. हात थरथरतो. मी लपवलं. ब्रशचा काही दोष नाही."

एवढं सगळं त्यांनी एका दमात सांगितलं आणि मग दम संपला.

मॅडम वाकल्या. पांढरा थर पाहिला. तोटी पाहिली. रजिस्टर आणून पाण्याच्या बादल्यांचा रकाना बोटानं वरून खाली वाचत गेल्या.

"आठवड्याला दोन बादल्या," त्या शेवटी म्हणाल्या. "हे तर खरं लिहिलंय तुम्ही. प्रत्येक पानाखाली माझी सही आहे." त्यांनी रजिस्टर मिटलं. "मास्तर, तशी नळी आपल्या प्रयोगशाळेत आहे. तीन आहेत. अंगण ओलांडून जायचं आणि मागायची."

मास्तरांनी मान खाली घातली. अंगण खिडकीतून दिसत होतं. साठ पावलं असतील.

"लेखी ताकीद मिळेल तुम्हाला," मॅडम म्हणाल्या. "आणि यापुढे आकडा दुसरं कोणीतरी वाचेल."

"सोडा?"

"सोडा तुम्हीच कालवा. दुसऱ्या कुणाला येतो?"

दहा वाजता सही झाली नाही. त्याऐवजी टाकी मोकळी केली, धुतली, नवं पाणी भरलं. मास्तरांनी सोडा बादलीत कोमट पाण्यात विरघळवला, थोडा थोडा टाकीत सोडला, फळीनं ढवळला. सगळे बघत होते आणि त्यांचा हात सगळ्यांसमोर थरथरत होता. समोर काचेची नळी धरून मॅडमनी कुणाला उभं केलं होतं, तर कार्बनशेठना.

"अजून," कार्बनशेठ म्हणाले.

मास्तरांनी ओतलं.

"अजून जरासा. थांबा. झालं." मग त्याच सुरात, नळीवरून नजर न हलवता, "मला आधी सांगितलं असतं तर मी आणून दिली असती नळी. चोरून."

"माहीत आहे," मास्तर म्हणाले.

"दोन दिवस पालथा पडलो होतो मी. माझी पाठ मोडली."

"माहीत आहे, साडूभाऊ."

"काही माहीत नाही तुम्हाला. खाणीवर जायचं म्हणून बायको शनिवारपासून माझ्याशी बोलली नाही. मी काही न करता." कार्बनशेठनी नळी पुसली आणि कपड्यात गुंडाळली, जरा जास्तच काळजीनं. "आता काट्यासमोर उभे राहा आणि तुमचं ते काय असतं ते म्हणा."

मास्तर उभे राहिले. या वेळी मनातल्या मनात नाही. ओठ हलत होते. बटण दाबलं गेलं, पट्ट्या उतरायला लागल्या, ढोलानं जागेवर एक सुस्कारा सोडला आणि कूस वळवली. दहा. पंधरा. आतले गोळे एकमेकांवर कोसळायला लागले, आधी एकेक, मग सगळे मिळून तो जुना, घट्ट, पावसासारखा आवाज. पंचविसाव्या नामाला काटा उतरून जागेवर आला. मग पट्ट्या तळाशी पोचल्या, खटका बसला, आणि तो बसला हे फक्त कानाला कळलं, पायाला नाही.

उरलेली पाच नामं मास्तरांनी या वेळी मोजली नाहीत.

साडू सात-आठ दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. बहिणींचं साखरेचं येणंजाणं त्यात एक दिवसही थांबलं नाही. मग एका संध्याकाळी कार्बनशेठ रस्ता ओलांडून आले, पायरीवर बसले. मास्तरांच्या बायकोनं चहा आणला, दोघांनाही पेल्यात.

"कसा झालाय?" तिनं विचारलं.

कार्बनशेठनी एक घोट घेतला. विचार केल्यासारखं केलं.

"वरीलप्रमाणे," ते म्हणाले.

आतून धाकटीचं हसू आधी फुटलं. मास्तर हसले ते सगळ्यांत शेवटी, आणि त्यांच्या पेल्यातला चहा हिंदकळून बुटावर सांडला. त्यांनी तो पुसला नाही, हातही खिशात घातला नाही.

त्यानंतरचे महिने रजिस्टरमध्ये दर सोमवारी आकडा असे. वाचायचे कार्बनशेठ, लिहायचे मास्तर. अक्षर वाकडंतिकडं, कुठे शून्याला शेपूट फुटलेलं, पण प्रत्येक आकडा आपल्या जागी. शेवटच्या सोमवारी आकडा आदल्या आठवड्याचाच आला, तंतोतंत तोच. मास्तरांनी वरच्या ओळीकडे पाहिलं आणि तो आकडा पुन्हा पूर्ण लिहिला.